हॉट रॉडचं पत्राकाम घरच्या गॅरेजमध्ये: फायरवॉल, फ्लोअर आणि टनेल

हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी वेगासाठी बदलून केलेली, करायची म्हणून १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरमध्ये (उघड्या टपाच्या गाडीत) फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन बसवायचं ठरवलं, की इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, ॲक्सलचे सुटे भाग अमेरिकेत अजूनही मिळतात. अडतं ते पत्र्यापाशी. फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यातली पत्र्याची भिंत), फ्लोअर आणि गिअरबॉक्सवरचा टनेल (कमानीसारखं झाकण) तयार मिळतात, पण आणले आणि बसवले असं सहसा होत नाही, कारण तशा दोन गाड्या एकसारख्या नसतात. कुणी बॉडी फ्रेमवर चार इंच खाली उतरवलेली असते, कुणी इंजिन मागे सरकवलेलं असतं, कुणाच्या नव्वद वर्षं जुन्या काउलचा (पुढच्या काचेपुढचा, फायरवॉलभोवतीचा बॉडीचा भाग) डावा-उजवा भाग एका मापाचा राहिलेला नसतो. हे तीन भाग स्वतःच करावे लागतात.

हे मार्गदर्शन गॅरेज आणि जुजबी हत्यारं असलेल्या, वेल्डिंगची तोंडओळख झालेल्या माणसासाठी आहे. मी स्वतः या फेऱ्यातून गेलो आहे. मशीन नाही म्हणून काम अडलेलं मी फारसं पाहिलं नाही. मापं घाईत घेतली म्हणून पत्रा भंगारात गेलेला मात्र बऱ्याच गॅरेजांत पाहिलाय.

१. गाडीचा काळ आधी ठरवा

पारंपरिक हॉट रॉड म्हणजे साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं बनवत तशी गाडी. म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तळ्यांवर शर्यती व्हायच्या. त्यांना शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. युद्धकाळात त्याच भागात विमानांचे कारखाने जोरात होते: बरबँकला लॉकहीड, सँटा मोनिकाला डग्लस. युद्ध संपल्यावर विमानाचं उरलंसुरलं सामान कवडीमोलाने बाजारात आलं. बिल बर्कने १९४६ मध्ये विमानाच्या जादा इंधनटाकीतून चक्क शर्यतीची गाडी केली.

हा इतिहास सांगतोय तो तुमच्या रोजच्या निर्णयांसाठी. त्या काळच्या गाड्यांवर विमानातलं पत्राकाम दिसतं: ताठपणासाठी उठवलेले बीड (पत्र्यातल्या लांब उंचवट्याच्या रेघा), पाव वळसा देऊन उघडणारे झूस फास्टनर, रिव्हेट, बॉनेटवरचे लूव्हर (हवेसाठी उठवलेल्या उघड्या फटी). लेझरने कापलेली नक्षी किंवा सीएनसीवर कोरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा तिथे खटकतो. टिग वेल्डिंगला (टंगस्टनच्या टोकावरचा आर्क, सळई हाताने वेगळी) माझी हरकत नाही. कट्टर मंडळी गॅस वेल्डिंगच हवं म्हणतील, पण जोड ठोकून-घासून सपाट केल्यावर कशाने जोडला ते कुणाच्या बापाला कळत नाही.

२. कागदपत्रं आणि फ्रेमवरचा नंबर

हे कंटाळवाणं आहे, पण आधी उरका. गाडीचं टायटल (मालकीचा कागद) तुमच्या नावावर आहे ना, आणि त्यावरचा नंबर गाडीशी जुळतो ना, ते पाहा. मॉडेल एचा नंबर इंजिनावर असतो आणि फ्रेमच्या डाव्या रेलच्या वरच्या अंगाला, फायरवॉलच्या आसपास बॉडीखाली झाकलेला असतो. म्हणजे तुम्ही जिथे ग्राइंडर चालवणार नेमका तिथेच. तो घासू नका, त्यावर वेल्डिंग करू नका. स्वच्छ करून फोटो काढा आणि टायटलच्या प्रतीसोबत ठेवा. इंजिन बदललेलं असेल तर फ्रेमवरचा नंबर हाच आधार. तो बुजवणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे.

काही कापण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. एक जाड वही करा. दारांच्या फटी, काउलची रुंदी, कर्णाची मापं त्यात उतरवा.

३. पत्रा कोणता आणायचा

फायरवॉल आणि फ्लोअरसाठी १८ गेजचा (गेज म्हणजे जाडीचा नंबर) सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा. जाडी १.२१ मिमी. चार बाय आठ फुटांच्या शीटचं वजन २९ किलोच्या आसपास भरतं, तेव्हा आणायला जोडीदार घ्या. एचआर, म्हणजे हॉट रोल्ड पत्रा स्वस्त मिळेल, पण त्यावरची काळी खपली काढता काढता जीव जातो. बॉडीला ठिगळ लावायचं असेल तर रंग काढलेल्या जागी जुना पत्रा मायक्रोमीटरने मोजा आणि त्याच जाडीचा आणा. जाड ठिगळ पातळ पत्र्याला ओढून वाकडं करतं.

गेजच्या आकड्यावर विसंबू नका. अमेरिकेत १८ गेज पोलाद १.२१ मिमी असतं, १८ गेज जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) १.३१ आणि १८ गेज ॲल्युमिनियम १.०२. आपल्याकडे दुकानात चालणाऱ्या इंग्लिश गेजमध्ये १८ नंबर जवळपास तेवढाच येतो, पण १६ ला फरक पडतो: अमेरिकेत १.५२, आपल्याकडे १.६३. ऑर्डर देताना मिलिमीटर किंवा इंचात जाडी सांगा.

जीआय पत्रा या कामाला घेऊच नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. डॅशबोर्डचं पॅनल किंवा बॉनेटच्या बाजू ॲल्युमिनियममध्ये करायच्या असतील तर ३००३-एच१४ घ्या, १.६ मिमी जाडीचा. ६०६१-टी६ ताकदवान आहे खरा, पण घट्ट बेंड मारला की चिरतो.

४. हत्यारं

अत्यावश्यक तेवढंच सांगतो:

- पत्र्याच्या कातऱ्या: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे
- स्क्राइबर, सेंटर पंच, गुण्या, स्टीलची पट्टी, मार्किंगचा निळा रंग
- बॉडीचा हातोडा, दोन-तीन आकारांच्या डॉली (पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे), लाकडी मोगरी, वाळूची कातडी पिशवी
- क्लेको (भोकांतून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) आणि त्यांची पक्कड. १/८ इंची भोकाला तांबूस रंगाचे
- भरपूर क्लॅम्प. आहेत त्याच्या दुप्पट लागतात
- बीड रोलर (बीड उठवणारं रुळांचं यंत्र) आणि बोटं (दाबपट्टीचे तुकडे) सुटी होणारा छोटा बेंडिंग ब्रेक (पत्रा दुमडायचं यंत्र)
- टिग किंवा मिग (तार आपोआप पुढे सरकणारं) वेल्डिंग मशीन

श्रिंकर-स्ट्रेचर (पत्र्याची कड आकसवणारं-ताणणारं हत्यार) मिळाला तर हात बराच हलका होतो. इंग्लिश व्हील (पत्र्याला फुगीर आकार देणारं चाकांचं यंत्र) पहिल्या तीन भागांसाठी लागत नाही. लोक ते हौसेने घेतात आणि मग त्यावर जॅकेट टांगतात. मोठा ब्रेक विकत घेण्यापेक्षा जवळच्या पत्रावाल्याला आखणी केलेला तुकडा देऊन बेंड मारून आणणं परवडतं.

५. आधी सगळं जागेवर, मगच पुठ्ठा

सगळ्यात जास्त पत्रा वाया जातो तो इथे. इंजिन आणि गिअरबॉक्स कायमच्या माउंटवर बसलेले हवेत, बॉडी शेवटच्या उंचीला बोल्ट केलेली हवी, स्टीअरिंग कॉलम, पेडल, सीटची चौकट आणि हँडब्रेक तात्पुरते का होईना लावलेले हवेत. सीट नसताना केलेल्या फ्लोअरवर बसलं की गुडघे स्टीअरिंगला लागतात.

फायरवॉल किती मागे घ्यायची ते इंजिन ठरवतं. फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, त्यामुळे सपाट फायरवॉल चालून जाते. १९५५ पासूनचं शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक इंजिन घातलं तर डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला येतो. त्यासाठी फायरवॉलला खोबण काढावी लागते आणि तेवढी पाय ठेवायची जागा जाते.

रबरी माउंटवरचं इंजिन हलतं, फ्रेमही पिळवटते. टनेल आणि गिअरबॉक्स यांच्यात चहूबाजूंनी २५ मिमी तरी जागा सोडा.

आता एक गोष्ट, जी गाडी रंगवून झाल्यावर आठवते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ पासून दिले आणि त्या काळच्या पेडलसोबत येणारा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली बसतो. ब्रेक ऑइल भरायचं कुठून? फ्लोअरला झाकणाची खिडकी आत्ताच आखा. बॅटरी खाली ठेवणार असाल तर तिलाही. टनेल आणि फ्लोअरचा पुढचा भाग बोल्टने सुटणारा ठेवा, नाहीतर क्लच बदलायला इंजिन उपसावं लागेल.

आणि टाकी. १९२८-२९ च्या मॉडेल एमध्ये पेट्रोलची टाकी काउलमध्येच असते. तिचा वरचा पत्रा हाच काउलचा बाहेरून दिसणारा पत्रा. टाकी जागेवर असताना फायरवॉलच्या आसपास वेल्डिंग, ग्राइंडिंग काहीही करू नका. ‘कित्येक वर्षं रिकामीच आहे’ हे कारण चालणार नाही, कारण भडका उडतो तो वाफेचा आणि रिकाम्या टाकीत वाफेला जागाच जागा असते. टाकी काढून गॅरेजबाहेर ठेवा.

६. पुठ्ठ्याचा नमुना

पातळ, न सुरकुतणारा पुठ्ठा घ्या. नालीदार खोक्याचा घेऊ नका, त्याच्या जाडीनेच माप चुकतं. एकच अखंड तुकडा बसवण्याचा अट्टहासही नको. छोटे छोटे तुकडे कडेला अचूक लावा आणि मधे मास्किंग टेपने जोडत जा. काउलची वळणदार कड उतरवायला कंपास लावून समांतर रेघ मारा, कापा, पुन्हा लावा.

नमुना बसला की त्यावर सगळं लिहा: कुठली बाजू पुढे, वर कुठलं टोक, बेंडची रेघ, बेंड वर की खाली, भोकांचे मध्य, डावा की उजवा. नमुना उलटा ठेवून कापलेला पत्रा म्हणजे आरशातली फायरवॉल.

टनेल अवघड दिसतो, पण असतो सोपा: पुढे रुंद, मागे अरुंद, म्हणजे अर्धा कापलेला शंकू. दोन टोकांच्या कमानी पुठ्ठ्यात कापून जागेवर उभ्या करा आणि त्यांच्यावरून तिसरा पुठ्ठा वाकवा. तो सुरकुती न पडता बसला तर पत्राही बसेल, कारण दोघंही एकाच दिशेला वळू शकतात. पुठ्ठा फुगला किंवा कड उघडी राहिली, तर तिथे पत्रा ताणावा किंवा आकसावा लागणार. नवशिक्याने अशा वेळी तिथे जोड द्यावा आणि मोकळं व्हावं.

७. आखणी, कापणी आणि बेंडचा हिशोब

बेंडमध्ये पत्रा थोडा लांबतो, म्हणून बाहेरची मापं जशीच्या तशी बेरीज करून पत्रा कापला तर भाग मोठा होतो. पुस्तकी सूत्रं आहेत, पण तुमच्या बेंडिंग ब्रेकचं उत्तर तुमचा ब्रेकच देतो. त्याच पत्र्याची अचूक १०० मिमी लांब पट्टी कापा, मधोमध काटकोनात बेंड मारा आणि दोन्ही पायांची बाहेरून मापं घ्या. बेरीज १०२.१ आली, तर प्रत्येक काटकोनी बेंडमागे २.१ मिमी कमी करायचे. म्हणजे बाहेरून ५० आणि २५ मिमीचा कोन हवा असेल तर ७५ नव्हे, ७२.९ मिमी कापा. १८ गेजला उत्तर साधारण याच्याच आसपास येतं. पट्टीवर आकडा लिहून ती ब्रेकला टांगून ठेवा.

दोन बेंड जिथे भेटतात तिथे कापायच्या आधी ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे कोपरा फाटत नाही. बेंडचा क्रम कागदावर लिहा. आधी मारलेली कड ब्रेकला अडते आणि शेवटचा बेंड मारताच येत नाही, ही नेहमीची रड. कागदाची छोटी प्रतिकृती दुमडून पाहिली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

कापल्यावर कडेची बर (धारदार खरवड) कानशीने काढा. हातमोजे घालून पत्रा उचला, पण ड्रिल प्रेसवर आणि बीड रोलरजवळ हातमोजे काढा. कापड अडकलं की बोटही ओढलं जातं.

८. बीड आधी, बेंड नंतर

सपाट फ्लोअर धावताना पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. बीड उठवले की तो ताठ होतो. पण बीड पत्रा आत ओढतो, त्यामुळे भाग मापात कापून मग बीड मारले तर तो लहान होतो. चारी बाजूंनी २५ मिमी जादा ठेवून बीड मारा, मग अंतिम मापात कापा, मग कडा दुमडा. बीड बेंडच्या रेघेपासून ४० मिमी अलीकडे थांबवा, नाहीतर ब्रेकची बोटं त्याला चेपतात.

एका दमात पूर्ण खोली गाठायची नाही. पहिली फेरी हलकी, नुसती खूण उठेल एवढी. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दाब वाढवा. मोठ्या पत्र्याला दुसऱ्या टोकाला धरणारा माणूस हवाच. नंतर पत्र्याला पीळ आला तर घाबरू नका. कडांवर मोगरीने ठोकून थोडं ताणलं की बराचसा जातो. नक्षी साधी ठेवा. दोन-तीन सरळ समांतर बीड जुन्या गाडीत जितके शोभतात, तितके चौकोनात चौकोन शोभत नाहीत.

९. वळणदार कड: लाकडी साच्यावर

फायरवॉलची काउलला टेकणारी कड वळणावर दुमडायची असते. ब्रेक तिथे निरुपयोगी. १९ मिमी एमडीएफचे दोन तुकडे नमुन्याच्या आकारात कापा, एकाची कड ३ ते ६ मिमी त्रिज्येने गोल करा. पत्रा दोघांच्या मधे ठेवून क्लॅम्पने आवळा. दुमडण्यासाठी १२ मिमी पुरेत.

आता मोगरीने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जा, पण प्रत्येक फेरीत कड दहा-पंधरा अंशच वाकवा. बाहेर फुगलेल्या वळणावर पत्रा जास्त होतो आणि लाटा उठतात. लाट उठली की तिचं टोक आडवं पडू देऊ नका; दोन्ही बाजूंनी हलके ठोके देत तिला मधल्या मधे जिरवा. श्रिंकर असेल तर दोन दाब पुरतात. आत गेलेल्या वळणावर उलटं होतं: पत्रा कमी पडतो आणि कडेपासून चीर निघते. तिथे कड आधीच कानशीने गुळगुळीत करा, कारण चीर नेहमी कातरीच्या खरवड्यातून सुरू होते. एकदा पूर्ण दुमडून पडलेली लाट परत निघत नाही, म्हणून इथे धीर धरा.

१०. जोड आणि वेल्डिंग

दोन कडा टोकाला टोक भिडवा, टिगसाठी फट शून्य. एकावर एक चढवलेला जोड सोपा वाटतो, पण मधल्या खाचेत पाणी राहतं. ठिगळ लावताना नवा तुकडा पूर्ण तयार झाल्याशिवाय जुना पत्रा कापू नका. तुकडा वर ठेवा, स्क्राइबरने रेघ मारा, मगच कापा. जोड मोठ्या सपाट भागाच्या मधोमध नको. हातोडा एका बाजूने आणि डॉली दुसऱ्या बाजूने पोचेल अशा जागी घ्या.

दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा आणि ॲसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनरच्या डब्यावर क्लोरीनयुक्त रसायनाचं नाव असेल तर तो वेल्डिंगच्या जवळपासही आणू नका. त्याच्या वाफेवर आर्कची उष्णता आणि किरणं पडली की फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे.

टिगला १.६ मिमी टंगस्टन आणि ईआर७०एस-२ ची बारीक सळई. करंट पत्र्याच्या प्रत्येक हजारांश इंचाला एक अँपिअर धरा. १८ गेजला पन्नासच्या आत-बाहेर. मिग असेल तर ०.६ मिमी तार आणि ७५ टक्के आरगॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मिगच्या वेल्डची रेघ कडक होते, ठोकून सपाट होत नाही, घासावीच लागते. फ्लोअरला चालेल, बाहेरून दिसणाऱ्या पत्र्याला मी टिगच घेईन.

२५ मिमीवर टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारत जा, मग दोन टॅकच्या मधे एक. प्रत्येक टॅकनंतर पातळी बोटाने चाचपा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढतो. पोचे पडतात ते यामुळे. उपाय म्हणजे तो परत ताणणं. खाली डॉली घट्ट टेकवा आणि नेमकं वेल्डच्या रेघेवर ठोका. पुण्याच्या तांबट आळीत मठार काढणारा कारागीर ठोक्याला ठोका लावत जातो, तसे: हलके, एकसारखे, शेजारी शेजारी. डॉली बरोबर खाली असली तर टणक आवाज येतो. बद्द आवाज आला म्हणजे डॉली सरकली आहे, थांबा. वेल्डच्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलं तर तिथे नवा फुगवटा तयार होतो.

मिगने एका जागी एकच टॅक मारा, मग हातभर दूर जा. ओल्या फडक्याने थंड करणारे आहेत. मी हवेवर सोडतो. शेवटी घासताना ग्राइंडर वेल्डच्या माथ्यावरच ठेवा. पत्रा निळा पडला म्हणजे तो पातळ होतोय आणि पुन्हा तापतोय.

११. बसवणी

सगळे भाग क्लेकोंनी जागेवर लावून गाडी पूर्ण जोडून पाहा: दारं लागतात का, बॉनेट मिटतं का, क्लच पूर्ण दाबता येतो का, स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून काही घासतं का. तारा, पाइप आणि थ्रॉटलची भोकं आत्ता पाडा. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवा. कोऱ्या कडेवर तार घासून गाड्या जळल्या आहेत.

मग सगळं सुटं करून इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर, मग रंग. ॲल्युमिनियम पोलादाला टेकणार असेल तर दोन्हींवर प्रायमर आणि मधे सीलर, नाहीतर ओलावा धरून ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बॉनेटवरचे लूव्हर घरी करायच्या भानगडीत पहिल्या गाडीत पडू नका. त्याला योग्य डाय आणि प्रेस लागतो. असं काम करणारे बहुधा लूव्हरमागे पैसे लावतात. तुम्ही फक्त आखणी करून द्या: मध्यरेषा, दोन लूव्हरमधलं अंतर, ओळीचं पहिलं आणि शेवटचं टोक, आणि उघडं तोंड मागच्या बाजूला असा बाण, पत्र्यावरच, जाड पेनाने.